जुन्या मोटारीतील ठिणगीची वाट

(सुरत येथे मराठी भाषक शिक्षक, अधिकारी आणि खानदेशातून आलेले ग्रामस्थ यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



मोटारीच्या बॉनेटखालील चार-पाच तारा हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. परंतु मी आयुष्यभर मोटार दुरुस्तीचे शिक्षण देण्याचे काम केले आणि त्या अनुभवावरून एक गोष्ट निश्चितपणे सांगू शकतो. जुनी पेट्रोल मोटार भर पावसात रस्त्यावर बंद पडते, तेव्हा पुष्कळदा इंजिन निर्दोष असते. दोष असतो तो ठिणगी वाहून नेणाऱ्या तारांच्या मांडणीत. तार चांगली असूनही ती चुकीच्या जागेवरून नेली, चुकीच्या रीतीने बांधली, तर ती खोळंबा करते आणि प्रसंगी आगही लावते. आजच्या विवेचनाचे सूत्र एवढेच आहे.

सुरत शहरात या विषयावर बोलताना मला एक सोय आहे. येथील यंत्रमागांवर खानदेशातील हजारो हातांनी काम केले आहे. ताण्याचा प्रत्येक धागा फणीच्या आपापल्या घरातून जातो, एक धागा दुसऱ्याच्या घरात शिरला की कापडात दोष दिसतो, हे येथे कोणास शिकवावे लागत नाही. मोटारीतील तारांचे शास्त्र याहून फार वेगळे नाही.

जुन्या गाड्यांचे आजचे स्थान

एके काळी आपल्या रस्त्यांवर मुख्यतः दोनच मोटारी दिसत. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होणारी अँबॅसॅडर आणि मुंबईत कुर्ला येथे तयार होणारी फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली. अँबॅसॅडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. पद्मिनीचे त्यापूर्वीच थांबले होते, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाल्या. सरकारी कार्यालयांतील पंधरा वर्षांहून जुन्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून नूतनीकरणास पात्र राहिली नाही.

याचा अर्थ असा की, आता ज्या जुन्या मोटारी उरल्या आहेत त्या कोणी तरी आवडीने, आठवणीखातर किंवा वडिलोपार्जित ठेव म्हणून सांभाळलेल्या आहेत. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत सुधारणा करून पन्नास वर्षांहून अधिक जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि व्यापारी कामासाठी न वापरल्या जाणाऱ्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली. १९७४ साली नोंदलेल्या मोटारीने २०२४ साली ही वयोमर्यादा गाठली. जतनाचा मार्ग कायद्याने मोकळा केला आहे. परंतु त्या मोटारीची नस ओळखणारे मिस्त्री मात्र वर्षागणिक कमी होत आहेत. गाडी राहिली आणि विद्या गेली, असे होऊ नये म्हणून हे ज्ञान लिहून ठेवणे, सांगणे अगत्याचे आहे.

ठिणगी कशी निर्माण होते

पेट्रोल इंजिनात पेट्रोलची वाफ व हवा यांचे मिश्रण ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात हवा दाबून तापवली जाते व इंधन आपोआप पेट घेते. तेथे स्पार्क प्लग नसतो. म्हणून आजचे विवेचन फक्त पेट्रोल गाड्यांपुरते आहे, हे ग्रामस्थ बंधूंनी लक्षात घ्यावे.

बॅटरी देते ती बारा व्होल्ट वीज. एवढ्याने प्लगच्या फटीत ठिणगी पडत नाही. त्यासाठी इग्निशन कॉइल असते. कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात : एक जाड तारेच्या थोड्या वेढ्यांचे आणि दुसरे बारीक तारेच्या कित्येक हजार वेढ्यांचे. पहिल्या वेटोळ्यातील प्रवाह पॉइंट उघडून एकाएकी तोडला की चुंबकक्षेत्र कोसळते आणि दुसऱ्या वेटोळ्यात सुमारे पंधरा ते वीस हजार व्होल्टपर्यंतचा दाब निर्माण होतो. कंडेन्सर पॉइंटवरील जाळ आवरतो. ही उच्च दाबाची वीज कॉइलमधून एका जाड तारेने डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणात येते, तेथे फिरणारा रोटर ती चार तारांपैकी योग्य त्या तारेत सोडतो, आणि ती त्या त्या सिलिंडरच्या प्लगपर्यंत पोहोचते.

आपले मिस्त्री डिस्ट्रिब्यूटरला 'डेल्को' म्हणतात. हा शब्द अमेरिकेतील डेटन शहरात १९०९ साली स्थापन झालेल्या एका कंपनीच्या नावाच्या आद्याक्षरांवरून आला आहे. तिचे एक संस्थापक चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी व कॉइलवर चालणारी ही पद्धती मोटारीत रूढ केली. शतकाहून जुने ते नाव आजही आपल्या गॅरेजांत ऐकू येते.

या व्यवस्थेला उसंत नसते. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर मिनिटाला सहा हजार, म्हणजे सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात. त्यांतील प्रत्येक ठिणगी योग्य सिलिंडरात आणि योग्य क्षणी पडली पाहिजे.

कोंडाईबारी घाटातील रात्र

येथे मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. १९८७ सालचा पावसाळा होता. धुळ्याला आजी अत्यवस्थ असल्याचा निरोप आला आणि मामांची पद्मिनी घेऊन आम्ही तिघे सुरतेहून निघालो. आदल्याच आठवड्यात मी त्या गाडीचे बॉनेट उघडून 'नीटनेटके' केले होते. प्लगच्या चारही तारा मी एकत्र जुळवल्या, त्यांवर काळी चिकटपट्टी घट्ट गुंडाळली आणि तो जुडगा इंजिनाच्या कडेने बांधून टाकला. दिसायला काम सुबक झाले होते. मामांनी कौतुकही केले.

बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर. सपाटीवर गाडी उत्तम चालली. विसरवाडी मागे पडली, कोंडाईबारी घाटाचा चढ लागला, पाऊस वाढला, आणि गाडी मिसिंग मारू लागली. आचके देत ती चढाच्या मध्यावर थांबली. मी प्लग पुसले, पॉइंट घासले, कार्ब्युरेटर उघडला. दोष सापडेना. मध्यरात्रीनंतर मागून आलेल्या एका ट्रकचा वयस्क चालक उतरला. त्याने माझ्या हातातील बॅटरी विझवायला सांगितली आणि इंजिन फिरवायला लावले. त्या अंधारात माझ्या सुबक जुडग्यावर निळसर प्रकाशाच्या मुंग्या धावताना दिसल्या. ठिणगी प्लगपर्यंत न जाता एका तारेतून दुसरीत उतरत होती.

त्याने चिकटपट्टी कापली, तारा कोरड्या पुसल्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून त्या एकमेकींपासून दूर ठेवल्या. गाडी सुरू झाली. आम्ही धुळ्याला पोहोचलो तेव्हा उजाडले होते. आजीची भेट व्हायची राहिली ती राहिलीच. मामा मला त्याबद्दल कधी एक शब्दही बोलले नाहीत.

सपाटीवर चालणारी गाडी घाटातच का अडली, याचे उत्तर मला नंतर अभ्यासाने कळले. चढावर इंजिनावर भार येतो, सिलिंडरमध्ये अधिक मिश्रण भरले जाते व दाब वाढतो. दाबलेल्या वायूतून ठिणगी पाडण्यास अधिक व्होल्ट लागतात. प्लगची वाट अशी अवघड झाली की वीज दुसरी सोपी वाट शोधते, आणि जुन्या, ओल्या, एकमेकींना चिकटलेल्या तारांनी ती मी तयार करून ठेवली होती. पाणी जसे उताराकडे जाते, तशी उच्च दाबाची वीज कमी अडथळ्याकडे जाते.

उच्च दाबाच्या तारांची मांडणी

तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना जे नियम शिकवीत आलो, ते येथे क्रमाने सांगतो.

पहिला नियम अंतराचा. प्लगच्या तारा एकमेकींना चिकटू देऊ नयेत. शक्य तेथे बोटभर अंतर ठेवावे. त्यासाठी खाचा असलेले प्लॅस्टिकचे किंवा रबराचे धारक मिळतात. अँबॅसॅडर व पद्मिनी या दोन्ही गाड्यांत सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२ असा आहे. म्हणजे ३ नंतर लगेच ४ आणि २ नंतर लगेच १ पेटतो. ज्या दोन सिलिंडरांच्या पाळ्या लागोपाठ येतात व जे शेजारी आहेत, त्यांच्या तारा दूरवर समांतर नेल्या तर एकीतील विजेमुळे दुसरीत दाब निर्माण होऊ शकतो. मग पाळी येण्यापूर्वीच पुढच्या सिलिंडरात अवेळी ठिणगी पडते आणि इंजिनाला ठोके बसतात. म्हणून ३ व ४ आणि १ व २ यांच्या तारा विशेषकरून अलग ठेवाव्यात. एकमेकींना ओलांडावेच लागले, तर काटकोनात ओलांडावे.

दुसरा नियम उष्णतेचा. धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड इतका तापतो की त्याला टेकलेल्या तारेचे आवरण वितळते. अँबॅसॅडरच्या इंजिनात मॅनिफोल्ड एका बाजूस, तर प्लग व डिस्ट्रिब्यूटर दुसऱ्या बाजूस आहेत, ही मोठी सोय आहे. ज्या इंजिनांत दोन्ही एकाच बाजूस येतात, तेथे तार वरून न्यावी आणि उष्णतारोधक काचतंतूची नळी तिच्यावर चढवावी.

तिसरा नियम हालचालीचा. इंजिन रबराच्या पायांवर बसवलेले असते व सुरू-बंद होताना ते डोलते. कॉइल मात्र बहुधा गाडीच्या अंगावर बसवलेली असते. म्हणून या दोहोंमधील तार ताणून बांधू नये. थोडा सैलपणा ठेवावा. तो इतकाही नसावा की तार पंख्यात, पट्ट्यात किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या दांड्यात सापडेल. अलीकडे नायलॉनच्या पट्ट्या सर्वत्र मिळतात. त्या करकचून आवळल्या की आवरणात रुततात आणि तेथूनच तडा जातो. पट्टीखाली तार हलकेच सरकली पाहिजे.

चौथा नियम पेट्रोलचा. पेट्रोलची नळी, पंप व कार्ब्युरेटर यांच्याजवळून उच्च दाबाची तार नेऊ नये. २०२५ सालापर्यंत देशातील बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या या इंधनासाठी बनवलेल्या नव्हत्या. त्या फुगू शकतात, भेगाळू शकतात, पाझरू शकतात. पाझरणारे पेट्रोल आणि बाहेर उडणारी ठिणगी एकत्र आल्यास काय होईल, हे सांगणे नको. म्हणून तारा बदलताना पेट्रोलच्या नळ्याही तपासाव्यात व इथेनॉलला टिकणाऱ्या बसवाव्यात.

पाचवा नियम हाताळण्याचा. तार काढताना रबरी टोपी धरून ओढावी, तार धरून नव्हे. काही तारांच्या पोटात तांब्याऐवजी कार्बनचा गाभा असतो. तो ओढण्याने किंवा तीव्र वळणाने आतल्या आत तुटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. एका वेळी एकच तार बदलावी, म्हणजे पेटण्याच्या क्रमाचा घोटाळा होत नाही. सर्व तारा निघाल्याच असतील, तर झाकण काढून, इंजिन हाताने फिरवून रोटर कोणत्या दिशेने वळतो ते प्रथम पाहावे.

बारा व्होल्टची तार दुय्यम नव्हे

उच्च दाबाच्या तारेचा धाक सर्वांना असतो. बारीक तारेकडे मात्र दुर्लक्ष होते, आणि आगीचा धोका पुष्कळदा तिच्यातूनच येतो. चावीपासून कॉइलपर्यंत येणारी तार अनेक जुन्या गाड्यांत फ्यूजमधून जात नाही. तिचे आवरण पत्र्याच्या धारेवर घासून उघडे पडले आणि तांबे बॉडीला टेकले, तर बॅटरीतील सारी शक्ती त्या एका जागी उतरते. तार लाल होते व शेजारच्या तारांनाही जाळते.

म्हणून तार जेथे पत्र्याच्या भोकातून जाते, तेथे रबराचे ग्रोमेट असलेच पाहिजे. ते जुने होऊन गळून पडते; पाच-दहा रुपयांच्या या वस्तूकडे काणाडोळा करू नये. तार दर वीतभर अंतरावर, रबर लावलेल्या पत्र्याच्या पकडीने धरावी. जोड पिळून चिकटपट्टी गुंडाळण्यापेक्षा दाबून बसवलेला जोड वापरावा. डिस्ट्रिब्यूटरच्या आत पॉइंटकडे जाणारी लहानशी तार पॉइंटबरोबर सतत हलत असते. तीही वेळोवेळी पाहावी. तसेच इंजिन बंद असताना चावी चालू ठेवू नये. पॉइंट मिटलेले असल्यास कॉइलमधून प्रवाह वाहत राहतो व ती तापून निकामी होते.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची बॉडीला जोडलेली तार आधी सोडावी आणि काम संपल्यावर ती शेवटी जोडावी. हा नियम मोडण्याची सवलत कोणालाही नाही. माझ्या वर्गात ती कधी दिली गेली नाही.

पाऊस, दमट हवा आणि उंदीर

सुरतेची हवा समुद्राजवळची, दमट व खारट आहे. डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणावर धूळ बसते, तिच्यावर ओल धरते आणि वीज त्या ओल्या धुळीतून वाट काढते. एकदा वाट पडली की तेथे कोळशासारखी बारीक रेघ उमटते आणि ती पुढे कोरड्या हवेतही वीज गळू देते. असे झाकण घासून वापरू नये, बदलावे.

घरावर येणारी विजेची तार भिंतीत शिरण्यापूर्वी थोडी खाली झुकवलेली असते, हे ग्रामस्थांनी पाहिले आहे. पावसाचे पाणी त्या झुकावावरून खाली ठिबकते, घरात शिरत नाही. कॉइलमध्ये शिरणाऱ्या तारेलाही असाच झुकाव द्यावा. रबरी टोप्या घट्ट बसलेल्या असाव्यात.

ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. त्या वेळी असंख्य वाहने बुडाली. पुरातून निघालेली गाडी लगेच चावी देऊन सुरू करण्याचा मोह आवरला पाहिजे. प्रथम बॅटरी सोडावी, प्लग काढून सिलिंडरात पाणी नाही याची खात्री करावी, तेल बदलावे, आणि ज्या तारांच्या आवरणात चिखलाचे पाणी शिरले आहे त्या सरळ बदलाव्यात. बाहेरून वाळलेली तार आतून गंजत राहते.

बंद ठेवलेल्या गाडीत उंदीर घर करतात आणि आवरण कुरतडतात. महिना-दोन महिन्यांनी बॉनेट उघडून पाहणे, एवढाच त्यावर खात्रीचा उपाय आहे.

तपासणीची सोपी रीत

ट्रकचालकाने मला शिकवलेली परीक्षा आजही उत्तम आहे. अंधारात, मोकळ्या हवेत, इंजिन सुरू ठेवून दुरून तारांकडे पाहावे. निळसर लुकलुक दिसली तर तेथे गळती आहे. या वेळी तारेला हात लावू नये. धक्का तीव्र असतो, आणि दचकून मागे घेतलेला हात पंख्यात जाण्याचा धोका त्याहून मोठा असतो. सैल कपडे, पदर, उपरणे आवरून घ्यावे. जवळपास पेट्रोलचा वास येत असेल, तर ही परीक्षा करूच नये.

तीन विनंत्या

शेवटी तीन विनंत्या करतो. शिक्षकांनी विजेचा पाठ शिकवताना एखादी जुनी कॉइल आणि तडकलेले झाकण वर्गात आणावे. बंद पडलेल्या गाडीचे हे अवशेष मुलांच्या हाती उत्तम पुस्तक ठरतात. अधिकाऱ्यांनी जुन्या वाहनाची पाहणी करताना रंग आणि चकाकी यांबरोबर बॉनेट उघडून ग्रोमेट, पकडी व पेट्रोलच्या नळ्याही पाहाव्यात. ग्रामस्थांनी व गाडी सांभाळणाऱ्या कुटुंबांनी आपल्या परिचयाच्या वृद्ध मिस्त्रींना एकदा घरी बोलावून मुलांसमोर बॉनेट उघडायला लावावे. त्यांच्या बोटांना जे ठाऊक आहे ते पुष्कळदा कोठेही लिहिलेले नसते.

घाटात भेटलेल्या त्या चालकाचे नाव मी विचारले नाही. त्याने कापलेल्या ट्यूबचे तुकडे मात्र मी बरीच वर्षे वर्गात दाखवीत असे. सुबक दिसणे आणि सुरक्षित असणे यांत फरक आहे, हे विद्यार्थ्यांना पटवून देण्यास तेवढे पुरेसे होत असे. आपणही घरी गेल्यावर एकदा बॉनेट उघडून पाहावे, एवढे सांगून आपली रजा घेतो.